गिरडच्या मोटारीवर

बाबांबद्दल लोकांना एकच गोष्ट माहीत होती, की हा माणूस एका ठिकाणी टिकत नाही. हिंगणघाटात आमच्या ओळीतले त्यांच्या वयाचे पुरुष एकदा गिरणीत लागले की म्हातारे होऊनच बाहेर पडत. बाबा आधी गिरणीत होते, मग जिनिंगमध्ये, मग घरीच शिलाई मशीनवर, मग शाळेत चपराशी, आणि शेवटी गिरडच्या मोटारीवर क्लीनर. शेजारची काकी मला म्हणायची, "तुह्या बाबाच्या पायाले भिंगरी हाये. आज इथं, उद्या तिथं." मी लहान होते, तिला उलट उत्तर देत नसे. पण मला ठाऊक होतं की बाबांनी या नोकऱ्या एकाच कामासाठी धरल्या आणि त्याच कामासाठी सोडल्या. त्यांना माझ्या धाकट्या बहिणीला घरी आणायचं होतं.

माझी आई तिच्या जन्माच्या वेळी गेली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, गिरडच्या अलीकडे एका खेड्यात दिली होती. तिचं स्वतःचं तान्हं बाळ त्याच महिन्यात दगावलं होतं आणि तिला दूध होतं. ती आमच्याकडे दुखवट्याला आली ती रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी. आत गेली, कोपऱ्यात कुणी बोटानं साखरेचं पाणी चाटवत होतं ते बाळ तिनं उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं रडणं थांबलं, बाळाचंही आणि तिचंही. कुणी कुणाला विचारलं नाही. तेराव्यानंतर बैलगाडीतून ती बाळाला घेऊन गेली. जाताना बाबांना म्हणाली, "भाऊजी, दात येऊ द्या तिले, मंग घेऊन जाजा."

बाबा मावशीला पूर्वी थट्टेनं हाक मारत, 'तू' म्हणत. त्या दिवसापासून ते तिला 'तुमी' म्हणू लागले. ते पुढे कधी बदललं नाही.

दात आले तेव्हा बाबा गेले. मावशी म्हणाली, चालायला लागू द्या. चालायला लागली तेव्हा गेले, तर मावशीनं विचारलं, "तुमची गिरणीची पाळी. आठ दिवस दिवसाची, आठ दिवस रातची. रातच्याले पोरीजवळ कोन राहीन? हे?" हे म्हणजे मी. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मला वाटलं, मी राहीन की.  परत आल्यावर दुसऱ्या महिन्यात बाबांनी गिरणी सोडली.

गिरणीत ते तुटलेले धागे जोडायचे. पीळ देऊन बोटाच्या टोकानं गाठ न पडू देता धागा जोडण्याचं ते काम. माझी वेणी घालताना त्यांची बोटं तशीच चालत. सुरुवातीला इतकी घट्ट घालत की माझ्या भुवया वर ताणल्या जायच्या. वर्गात पोरी हसायच्या, म्हणायच्या, ही सदा घाबरल्यासारखी दिसते. मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "सैल घालतो. लहानीचे केस तं आणखी नाजूक राहतीन, शिकून ठेवलेलं बरं." मग ते रोज माझ्या केसांवर शिकत राहिले.

असं पुष्कळ होतं. आमच्या घराला समोर उंच ओटा होता. बहीण रांगत येऊन पडेल म्हणून बाबांनी त्याला बांबूचं कुंपण केलं. कुंपण पुरं झालं तेव्हा ती तिकडे अंगणात धावत होती. मग त्यांनी तिच्यासाठी टांगलेली झोळी काढून छोटी खाट आणली, तर कळलं की ती मावशीच्या कुशीशिवाय झोपत नाही. आमचं घर तिच्या वयामागून चालत होतं, आणि ती नेहमी एक पाऊल पुढे असायची. बांबूच्या कुंपणावर मी माझे परकर वाळत घालायची. त्या खाटेवर कुणी झोपलं नाही. तिच्यावर आम्ही ज्वारीचं पोतं ठेवत होतो.

कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांना मशीनच्या तेलपाण्याचं काम मिळालं, ते दिवसाचंच होतं. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया, कानावरचे केस, मिशा सगळं पांढरं असायचं. मी ओट्यावर उभी राहून वाट बघायची, आणि लांबून एक म्हातारा येताना दिसायचा. जवळ येऊन अंग झटकलं की त्यातून बाबा निघायचे. त्या वर्षी त्यांना खोकला लागला. मावशीकडे गेलो असताना जेवताना त्यांना उबळ आली. मावशीनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "रुईची धूळ छातीत बसते, भाऊजी. त्या घरात लेकरू कसं ठेवता?" तिचंही खोटं नव्हतं. तिनं विचारलेला एकही प्रश्न खोटा नव्हता, हे मला आता कळतं. तिला पुन्हा मूल झालं नाही. प्रश्न संपले असते तर तिच्या हातात काय उरलं असतं?

होळीनंतर जिनिंग बंद झाली ती बाबांनी पुन्हा धरलीच नाही. त्यांनी कुणाकडून तरी शिलाईचं मशीन भाड्यानं आणलं आणि घरी बसून बंड्या, चड्ड्या, पिशव्या शिवू लागले. ते दिवस माझ्या आठवणीत सगळ्यात बरे. शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच मशीनचा आवाज यायचा आणि कळायचं की बाबा घरात आहेत. ते पायानं मशीन चालवत आणि मी समोर बसून काजं करायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. बोललेच तर म्हणत, "आज तिकडं बाजाराचा दिवस. गेली असन मावशीच्या बोटाले धरून." मी हो म्हणायची. मला कधी कधी वाटायचं, बाबा माझ्यासमोर बसलेत पण आहेत तिकडे, गिरडच्या रस्त्यावर. तसं वाटलं की मी काजाचा टाका बारीक घालायची, म्हणजे ते हातात घेऊन बघतील.

त्या पोळ्याला गेलो तेव्हा मावशीनं मशीनचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरात सुया, कात्री. पोर्गी तं नुसती वारं हाये. डोळ्यात-बिळ्यात गेली म्हंजे?"

मावशीचा नवरा शांत माणूस. शेतावरून येऊन हात धूत होता. तो म्हणाला, "अवं, त्यायच्या घरी मोठी पोर्गी तं वाढलीच ना सुया-कात्रीत. तिचे डोये शाबूत हायेत."

"तुमी चूप बसा," मावशी म्हणाली. "तुमाले काय, तुमी दिवसभर वावरात."

तेवढ्यात बहीण दारातून धावत आली. तिच्या हातात मातीचा बैल होता, त्याचं एक शिंग तुटलं होतं. तिनं तो सरळ बाबांसमोर धरला. "भाऊजी, हे जोडून द्या."

मावशी म्हणते तेच ती म्हणायची. घरातल्या मोठ्या बाईनं या माणसाला भाऊजी म्हटलेलं तिनं ऐकलं, म्हणून हा माणूस भाऊजी. तिला कुणी फसवलं नव्हतं. तिची आई वारली, मावशीनं दूध पाजलं, हिंगणघाटचे ते तिचे बाबा, हे गावात कुणी झाकून ठेवलेलं नव्हतं आणि तिनं ते ऐकलेलंही होतं. पण एखादी गोष्ट ऐकलेली असणं वेगळं आणि तोंडात बसलेली हाक वेगळी. बाबांनी ती हाक कधी दुरुस्त केली नाही. घरी आली की आपोआप बदलेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी थुंकी लावून मातीचं शिंग जोडलं आणि म्हणाले, "वाळू दे. आता हात लावू नको."

मग शाळेतली जागा निघाली. माझ्याच शाळेत. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाण्याचे रांजण भरणं, हेडमास्तरांचे कागद इकडून तिकडे नेणं. सकाळी आम्ही दोघं मिळून निघायचो, संध्याकाळी मिळून परत. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, सगळं मुलांबरोबर. धूळ नाही, सुया नाहीत, रात्रपाळी नाही. शाळेच्या तारेच्या कुंपणाशी बहिणीला बसवून घंटा देता आली असती. मला वाटतं जगात त्याहून चांगली नोकरी त्यांना सुचली नसती. तासाला घंटा झाली की मला वर्गात बसल्या बसल्या कळायचं, बाबा व्हरांड्यात आहेत. ते पहिला ठोका जोरात देत आणि मग दोन हलके. मी मन लावून शिकले. त्याचं श्रेय मास्तरांना आहेच, पण त्या ठोक्यांनाही आहे.

बहीण सहा वर्षांची झाली. तिला शाळेत घालायचं होतं. त्या उन्हाळ्यात बाबा तिला आणायला निघाले आणि मला बरोबर घेतलं. आमच्यात एक रीत होती. दुसऱ्या बाईनं लेकराला दूध पाजलं असेल, तर लेकरू परत नेताना तिला लुगडं-चोळी द्यायची. ते दिलं आणि तिनं नेसलं, म्हणजे दुधाचं देणं फिटलं. बाबांनी हिरवं लुगडं घेतलं होतं. मोटारीत सारा रस्ताभर ते पुडकं मांडीवर धरून बसले होते, खालच्या ग्रीसचा डाग लागेल म्हणून.

मावशीनं पुडकं बघितलं तेव्हाच तिला कळलं. तिनं पाणी दिलं, जेवायला वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, वर तेल. बाबांनी शाळेच्या नोकरीचं सांगितलं. ती ऐकत राहिली. या वेळी तिच्याकडे प्रश्न नव्हता. जेवण झाल्यावर बाबांनी लुगडं तिच्यासमोर ठेवलं. तिनं हात लावला नाही.

"हे मी नाई नेसत, भाऊजी."

बाबांनी लुगडं तिच्याकडे आणखी सरकवलं.

"मी नाई म्हनत नाई. तुमचीच हाये. पन तिलेच इचारा तुमी. ती म्हनन जातो, तं मी गाठोडं बांधून देतो."

बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला सगळं कळत होतं. ती मावशीकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत नव्हती, चौकटीच्या लाकडात नखानं रेघ ओढत होती. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

बाबा म्हणाले, "नाई विचारत."

"काऊन? विचारा ना," मावशीचा नवरा म्हणाला. त्याला वाटलं बाबा रागावले.

"एवढ्याशा पोरीले काय विचारायचं, तू कोनाची म्हनून? तिनं काय सांगावं?" बाबा उठले. टोपी घातली. "मोटारीची वेळ झाली. चाल वं," हे मला.

लुगडं तिथंच होतं. मावशी म्हणाली, "हे घेऊन जा."

"राहू द्या. दिवाळीचं समजा."

दिवाळीला तेव्हा पुष्कळ महिने होते. मोटारीच्या थांब्यापर्यंत आम्ही उन्हात चालत गेलो. मागून कुणी येत नव्हतं. मी एकदा वळून बघितलं, बाबांनी बघितलं नाही.

त्यानंतर वर्षभर ते शाळेत घंटा देत राहिले. काम चोख करायचे, पण घरी आल्यावर काय करावं हे त्यांना कळेनासं झालं होतं. पूर्वी बहिणीसाठी काही ना काही करायचं असायचं. आता संध्याकाळी ओट्यावर बसून ते रस्त्याकडे बघत. काकी विचारायची, "काय भाऊजी, दुसरी करायचं मनात हाये का? सांगा, मी पाहतो." बाबा हसून म्हणायचे, "पाहा, पाहा. पन म्हातारी नको." काकी निघून गेली की ते हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहायचं, विसरल्यासारखं.

मी तेरा वर्षांची असताना एक दिवस हेडमास्तरांनी मला बोलावलं आणि विचारलं, "अगं, तुझ्या वडिलांना झालंय काय? पेन्शनीची नोकरी सोडून मोटारीवर क्लीनर होतायत. तू समजाव." मी घरी येऊन विचारलं. बाबा चूल फुंकत होते.

"गिरडची मोटार तिच्या गावी थांबते," ते म्हणाले. "रेडिएटरले पाणी लागते तिथं. चढ चढून येते ना. जाता-येता दोन्ही वेळा."

एवढंच.  मी फक्त विचारलं, "अन् मी?"

"तू सातवी पास झाली. तुले आता घरी येता येते एकटीले," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तू तं माह्याजवळच हायेस ना."

दुसऱ्या दिवसापासून शाळेत नवा माणूस घंटा देऊ लागला. तो तिन्ही ठोके सारखेच द्यायचा. वर्गात इतर कुणाला फरक कळला नाही. मी तास संपला तरी बसून राहायची आणि पोरी माझं दप्तर ओढायच्या. संध्याकाळी घरी येऊन मी दिवा लावायची, भाकरी टाकायची, आणि मोटारीचा भोंगा ऐकू येण्याची वाट बघायची. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की मोटार तिकडेच अडकायची. तेव्हा काकी मला तिच्याकडे झोपायला नेत असे. तिच्या घरात खूप माणसं होती. तिथं मला जास्तच एकटं वाटायचं, म्हणून मी झोपेचं सोंग घेऊन पडायची.

बाबा मात्र बदलले. घरी आले की बोलायचे. आज तिनं पाणी आणलं. आज ती आली नाही, ताप होता. आज नवा परकर होता. आज तिनं मोटारीच्या चाकाला हात लावून बघितला. मी ताटात वाढत ऐकत राहायची. अंगाला डिझेलचा वास, नखात काळं, आणि चेहरा असा की दिवस सार्थकी लागला. मला त्यांच्यासाठी बरं वाटायचं. तेवढंच वाटायचं असं मात्र नाही.

याच काळात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शाळेत त्यावर सभा झाली. बाबांना विचारलं तर म्हणाले, मोटार त्याच रस्त्यानं जाते.

मी मॅट्रिक झाले. आमच्या घराण्यात तोवर कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वर्ध्याला कॉलेजात आणि वसतिगृहात माझी सोय लागली. पुढे मी पदवीधर झाले, शिकवू लागले, हे सगळं त्या माणसाच्या पायांवर उभं आहे, हे इथं लिहिताना मला संकोच वाटत नाही. निघण्याआधी बाबा म्हणाले, मावशीच्या पाया पडून ये, तिचाही आशीर्वाद लागतो. म्हणून मी त्यांच्या मोटारीतून निघाले.

गाव आलं. चढ संपल्यावर कडुनिंबाखाली मोटार उभी राहिली आणि पुढून वाफ येऊ लागली. ड्रायव्हर पठाण होता, बाबांपेक्षा वयानं मोठा. खाली उतरून विडी पेटवत तो म्हणाला, "देखो, आ गई अपनी पानीवाली." बहीण डोक्यावर घागर घेऊन येत होती. दहा वर्षांची, उंच, सावळी. आईसारखी दिसते असं लोक म्हणत, मला आई तेवढी आठवत नाही.

मावशी वावरात गेली होती. मी उतरून झाडाखाली उभी राहिले. बहिणीनं घागर बाबांच्या हातात दिली आणि मला विचारलं, "ताई, तू वर्ध्याले चाललीस म्हने शिकाले?"

"हो."

"कॉलेजात पोरंबी असतात का?"

"असतात."

"मंग तू बोलशीन त्यायच्याशी?"

"कशाला बोलू?"

ड्रायव्हर हसला. तीही हसली. मग तिला काही सुचलं आणि ती गंभीर झाली. "तू गेली म्हंजे घरी कोन राहीन?"

"बाबा."

"एकटेच?"

मी मान हलवली. बाबा बोनट उघडून फडक्यानं झाकण फिरवत होते. ती त्यांच्याजवळ गेली. "भाऊजी, तुमाले करमन का एकट्याले?"

"न करमाले काय झालं? दिवसभर मोटारीत मानसंच मानसं," बाबा म्हणाले.

"अन् घरी गेल्यावर?"

बाबांनी झाकण काढलं, वाफ बाजूला जाऊ दिली, आणि पाणी ओतायला लागले. बारीक धारेनं, हात न हलू देता. ड्रायव्हर म्हणाला, "घर जा के ये मेरे को गाली देता है, बेटी. टाइम कट जाता है." ती या वेळी हसली नाही. तिनं परकराच्या काठाला हात पुसले.

"मी येऊ का दिवाळीत? चार रोज राहीन. मले भाकर टाकता येते आता. गोल येते."

 दहा वर्षं बाबांनी हेच वाक्य ऐकायला किती नोकऱ्या बदलल्या होत्या. हो म्हणा, असं मला वाटत होतं. मावशी तिथं नव्हती, अडवणारं कुणी नव्हतं.

बाबांनी घागर रिकामी केली. झाकण घट्ट बसवलं. बोनट खाली सोडलं आणि वरून हातानं दाबलं. मग घागर तिच्या हातात देत म्हणाले, "तुह्या मायले विचारजो. ती हो म्हनन, तं येजो."

तिच्यासमोर मावशीसाठी तो शब्द त्यांनी आजवर वापरला नव्हता. 'त्या' म्हणत, 'घरी' म्हणत, कसंही वळसा घालून बोलत. बहिणीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि घागर कडेवर घेऊन निघाली. थोडं पुढे गेल्यावर वळून तिनं मला हात केला.

मोटार सुरू झाली. बाबा मागच्या दाराशी पायरीवर उभे राहिले, क्लीनरची जागा तीच. मी पुढे बसले होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. उलट बसायला हवं होतं, असं पुढे किती वेळा वाटलं. गिरडहून परत येताना मोटार पुन्हा तिथं थांबली, तेव्हा मावशी वावरातून आली होती. मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अंगावर ते हिरवं लुगडं होतं, धुऊन धुऊन विटलेलं. मी बाबांकडे बघितलं, पण ते छपरावरची पोती खाली देत होते.

त्या दिवाळीला ती आली. मावशीनंच पाठवली. मीही वर्ध्याहून आले होते. तिच्या भाकरी खरंच गोल यायच्या. बाबा एकेक भाकर हातात घेऊन बघत आणि मगच मोडत. चार दिवस आमच्या घरात बोलण्याचा आवाज होता. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या सकाळी बाबांनीच तिला मोटारीत खिडकीजवळ बसवलं, मावशीसाठी फराळाचा डबा तिच्या मांडीवर दिला. माझी वर्ध्याची गाडी त्यानंतर होती. मी घर झाडलं, चूल विझवली, बांबूवर वाळत घातलेलं त्यांचं धोतर आत घेतलं, आणि संध्याकाळी ते आल्यावर त्यांना लगेच सापडेल असं खुंटीवर ठेवून निघाले.